पडद्याचे घड्याळ

वाचकहो, ज्यांचे बालपण दूरदर्शनच्या काळात गेले त्यांना एक दृश्य नक्की आठवत असेल. १९८७ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागे. आमच्या आळीत संच एकच. त्यामुळे वीस-पंचवीस माणसे त्या एका खोलीत दाटीवाटीने बसलेली असत. प्रसंग ऐन रंगात यावा आणि एकाएकी पडद्यावरचे चित्र खालून वर पळू लागावे! पाय वर, मुकुट खाली आणि मध्ये एक काळा पट्टा. "अहो, ते होल्डचं बटण फिरवा की!" असा एकच गिल्ला होई. मग घरमालक उठत, संचाच्या मागे हात घालून एक लहानशी खुंटी हळूहळू पिळत आणि चित्र जागच्या जागी ठरे. त्या खुंटीला 'व्हर्टिकल होल्ड' म्हणत. तिने नेमके काय होते हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हते. ती हवी तेव्हा कामाला येते, एवढे आम्हांला पुरे होते.

आता दुसरे दृश्य पाहा. गेल्या दिवाळीत मी बहिणीकडे गेलो होतो. भाचा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. लहान मुलांच्या शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांतून त्याने खेळांसाठी खास मॉनिटर घेतला होता. सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणारा! पण चेहरा पडलेला. "मामा, बघ ना, भिंत फाटतेय," तो म्हणाला. मी पाहिले. खेळातला शिपाई मान वळवी तेव्हा समोरचा खांब मधोमध चिरल्यासारखा दिसे. वरचा अर्धा एकीकडे, खालचा अर्धा बोटभर सरकलेला. क्षणात सांधला जाई, पुन्हा दुसरीकडे फाटे. ग्राफिक्स कार्ड कमी ताकदीचे पडते असे त्याचे निदान होते, आणि त्याहून महागडे कार्ड घेण्यासाठी तो आईकडे पैसे मागण्याच्या विचारात होता.

मी इतिहासाचा अध्यापक, यंत्रांचा जाणकार नव्हे. पण ते चिरलेले चित्र पाहिले आणि मला ती आळीतली खुंटी आठवली. दोन्ही दुखणी एकाच घराण्यातली आहेत. चित्र तयार करणाऱ्याचे घड्याळ एक आणि चित्र दाखवणाऱ्याचे घड्याळ दुसरे. ती दोन जुळली नाहीत की चित्र पळते, अडखळते किंवा फाटते. तेव्हा प्रश्न असा उरतो की दोघांपैकी थांबायचे कोणी? या एका प्रश्नाची उत्तरे सव्वाशे वर्षांत कशी बदलत गेली, तेच आज आपल्याला पाहायचे आहे.

आरंभ चलच्चित्रापासून करू. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चित्रांचा खेळ झाला. ल्युमिएरांचे यंत्र हाताने मूठ फिरवून चालवायचे असे आणि सेकंदाला सुमारे सोळा चित्रे पडद्यावर पडत. दादासाहेब फाळके यांनी १९१२ साली लंडनहून आणलेला विल्यमसन कॅमेराही असाच, हाताने फिरवायचा. आता हात म्हटला की तो काही घड्याळ नव्हे. तो कधी जलद फिरे, कधी सावकाश. म्हणून चित्राचा वेग थोडा वाढे किंवा कमी होई. पण गंमत अशी की चित्र फाटत मात्र नसे.

का नसे? प्रक्षेपकाच्या भिंगापुढे एक फिरती झडप असते. फिल्म पुढची फ्रेम यायला सरकते तेवढा वेळ ही झडप प्रकाश अडवून धरते. फ्रेम जागेवर स्थिर झाली की झडप उघडते. म्हणजे चित्र बदलते ते अंधारात. अर्धे जुने, अर्धे नवे असे काही प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे येतच नाही. मूकपटाच्या त्या साध्या यंत्राने दोन गोष्टी साधल्या होत्या. पहिली, चित्र बदलायचे ते दिसणार नाही अशा क्षणीच बदलायचे. दुसरी, एक चित्र पडद्यावर किती वेळ राहावे हे ठरलेले असलेच पाहिजे असे नाही. ते चालवणाऱ्याच्या हातावर सोडता येते.

ही दुसरी गोष्ट बोलपटाने हिरावून घेतली. आवाज फिल्मबरोबर बांधला गेल्यावर हात डगमगून कसे चालेल? वेग वाढला की नायकाचा आवाज चिरका व्हायचा आणि मंदावला की घोगरा! म्हणून १९२० ते १९३० या दशकाच्या उत्तरार्धात सेकंदाला २४ फ्रेम हा वेग मुक्रर झाला आणि मोटारीच्या स्वाधीन केला गेला. परंतु सेकंदाला २४ वेळा उजेड-अंधार झाला तर डोळ्यांना लुकलुक जाणवते. म्हणून झडपेला दोन पाती बसवून एकच फ्रेम दोनदा दाखवण्याची युक्ती रूढ झाली. चित्रे चोवीस, पण उजेड अठ्ठेचाळीस वेळा. वाचकांनी ही युक्ती लक्षात ठेवावी. तिची गाठ पुन्हा पडणार आहे.

यानंतर येते दूरचित्रवाणी. २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सुरू झाली. तिथे आरंभी दोन पद्धती आलटून पालटून वापरल्या गेल्या आणि त्यांतली मार्कोनी-ईएमआयची पद्धत टिकली. आयझॅक शोएनबर्ग यांच्या हाताखालच्या अभियंत्यांनी ती सिद्ध केली होती. तिच्यात चित्राच्या ४०५ ओळी होत्या आणि सेकंदाला ५० वेळा पडदा वरून खाली विंचरला जाई. एका फेरीत एकाआड एक ओळी, दुसऱ्या फेरीत राहिलेल्या. अशा दोन फेऱ्यांत एक चित्र पुरे होई. सेकंदाला २५ चित्रे. अमेरिकेने १९४१ साली आपली पद्धत ठरवली. तिच्यात ५२५ ओळी आणि ६० फेऱ्या.

आपण विचाराल, इंग्लंडात ५० आणि अमेरिकेत ६०, असे का? या आकड्यांचा डोळ्यांशी थेट संबंध नाही. ते आले विजेच्या तारेतून. घरातला विजेचा प्रवाह इंग्लंडात, युरोपात आणि आपल्याकडे सेकंदाला ५० आवर्तने करतो, तर अमेरिकेत ६०. त्या वेळच्या संचांत या प्रवाहाची थोडी थरथर चित्रात उतरे. पडद्याचा ठोका आणि विजेचा ठोका वेगळे असले तर त्या थरथरीचे पट्टे चित्रावरून सरपटत जात आणि जीव नकोसा करीत. दोन्ही ठोके सारखे असले तर पट्टा जागेवरच राही आणि नजरेत भरत नसे. म्हणून पडद्याने वीजघराच्या तालावर चालायचे असे ठरले. बाष्पयंत्रे आणि जनित्रे यांच्या सोयीसाठी कोणे एके काळी निवडलेला आकडा अशा रीतीने घरोघरच्या पडद्याचा आकडा झाला.

या काळातली आणखी एक गोष्ट पुढच्या कथेला आवश्यक आहे. पिक्चर ट्यूब म्हणजे मागे निमुळती होत गेलेली काचेची पोकळ नळी. तिच्या मागच्या टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो आणि पडद्याच्या आतील लेपावर आपटून तो उजळतो. हा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ आखीत खाली उतरतो. तळाशी पोचला की त्याला पुन्हा वरच्या कोपऱ्यात जावे लागते. हा परतीचा प्रवास क्षणात होत नाही. म्हणून प्रत्येक फेरीनंतर थोडा वेळ मोकळा ठेवलेला असे. त्या वेळात काही रंगवायचे नाही. झोत विझवायचा आणि वर न्यायचा. आपल्याकडच्या ६२५ ओळींच्या पद्धतीत जवळजवळ पन्नास ओळींचा वेळ या उसंतीत जाई. फेरीमागे हिशेब केला तर एक सहस्रांश सेकंदाहून थोडा अधिक, सुमारे दीड. सिनेमाच्या झडपेने जो अंधार दिला होता तोच इथे या उसंतीच्या रूपाने आला. आणि ती आमच्या आळीतली खुंटी? केंद्राकडून येणाऱ्या फेरीच्या खुणेशी आपल्या संचाचा ठोका जुळवायचा, एवढेच तिचे काम होते. ठोका चुकला की उसंतीचा काळा पट्टा पडद्याच्या मधोमध येऊन बसे.

दिल्लीला १५ सप्टेंबर १९५९ रोजी आणि मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी दूरचित्रवाणी आली ती याच ५० ठोक्यांवर. ठरलेल्या ठोक्यापुढे बाकी सगळ्यांनी वाकायचे, हा नियम एव्हाना इतका अंगवळणी पडला होता की सिनेमालाही वाकावे लागले. चोवीसच्या वेगाने घेतलेला चित्रपट ५० ठोक्यांच्या देशांत पंचविसाच्या वेगाने दाखवीत. शेकडा चारने जलद! अडीच तासांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपे आणि गाणीही किंचित चढ्या सुरात वाजत. कितीजणांना ते कळले असेल? सवय झाली की विसंगती दिसेनाशी होते, हे इतिहासात पुन्हा पुन्हा दिसते.

आता संगणकाकडे वळू. १९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीचे घरगुती खेळांचे यंत्र आले. ते दूरचित्रवाणीच्या संचालाच जोडायचे. त्यात चित्र साठवायला जागाच नव्हती. सारी स्मृती १२८ बाइट्सची. म्हणजे या परिच्छेदाइतकाही मजकूर तिच्यात मावला नसता. मग चित्र दाखवायचे कसे? झोत ओळ आखीत असतानाच त्या ओळीत काय काढायचे हे संगणकाने सांगत राहायचे. एका ओळीला त्याच्या प्रोसेसरला मिळत फक्त ७६ ठोके. तेवढ्यात सांगून झाले तर ठीक, नाहीतर ओळ बिघडली. खेळाचा बाकीचा हिशेब, म्हणजे कोणाला गोळी लागली आणि किती गुण झाले, हा बहुतांशी झोताच्या उसंतीत उरकायचा. त्या काळचे प्रोग्रॅम लिहिणारे अक्षरशः झोताशी शर्यत लावीत. चाकर कोण आणि धनी कोण हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

पुढे स्मृती स्वस्त झाली आणि संपूर्ण चित्र साठवणे शक्य झाले. मग दोन पाट्यांची पद्धत आली. एक पाटी पडद्याला दाखवायची, तोवर दुसरीवर पुढचे चित्र काढायचे, आणि ते पुरे झाले की पाट्यांची अदलाबदल करायची. वरवर पाहता सारे सुरळीत. पण १९९० नंतर त्रिमिती खेळ आले. १९९६ सालचा 'क्वेक' हा त्यांतला नावाजलेला. अशा खेळात प्रत्येक चित्राला लागणारा वेळ निराळा. रिकामी खोली झटकन काढून होते. दहा शत्रू, धूर आणि पाणी आले की हात जड होतो. एक चित्र आठ सहस्रांश सेकंदांत तयार, तर पुढचे वीस. पडदा मात्र आपल्या ठरलेल्या वेळेला हजर!

नवे चित्र तयार होते तेव्हा पडद्याची फेरी अर्ध्यावर आलेली असू शकते. त्याच क्षणी पाटी बदलली तर काय होईल? वरचा अर्धा भाग जुन्या पाटीवरून रंगवलेला, खालचा नव्या पाटीवरून. तेवढ्या वेळात शिपायाने मान वळवली असेल तर खांब सांध्याला सरकलेला दिसणारच. याचेच नाव टेअरिंग, म्हणजे चित्र फाटणे. इथे कार्ड कमकुवत असण्याचा प्रश्नच येत नाही. उलट कार्ड पडद्याहून जलद असेल तर एका फेरीत दोन-तीन पाट्या बदलतील आणि चित्र दोन-तीन ठिकाणी फाटेल. माझ्या भाच्याने आईचे पैसे घालून महागडे कार्ड आणले असते तर दुखणे बहुधा तसेच राहिले असते.

यावर जुना उपाय होता, त्याला व्ही-सिंक म्हणतात. पाटी बदलायची ती उसंतीतच बदलायची, मध्ये नाही. सिनेमाच्या झडपेचाच हा धडा. याने फाटणे थांबले, पण किंमत मोजावी लागली. आपली एस. टी. मोटार घ्या. ती ठरल्या वेळेला सुटते. तुम्ही मिनिटभर उशिरा स्थानकावर पोचलात तर पुढच्या मोटारीपर्यंत बसून राहा. ६० ठोक्यांच्या पडद्यावर दोन फेऱ्यांतले अंतर सुमारे १६.७ सहस्रांश सेकंद. चित्राला १७ लागले, म्हणजे उशीर किती? केसाएवढा. पण ते दाखवले जाणार ३३.३ व्या सहस्रांशाला. प्रत्येक चित्राला असाच उशीर झाला तर साठाचे एकदम तीस होतात. खेळ अडखळतो. शिवाय माऊस हलवला आणि त्याचा परिणाम दिसला यांतले अंतर वाढते, आणि जिथे निमिषात हार-जीत ठरते तिथे हे अंतर खुपते. तेव्हा खेळाडूपुढे दोनच वाटा होत्या. फाटके चित्र पत्करा, नाहीतर उशीर पत्करा. पुष्कळांनी पहिली वाट धरली.

एक मधला मार्ग म्हणजे पडद्याचा ठोकाच जलद करणे. ६०चे १४४ केले की फेरी ६.९ सहस्रांशांत होते, २४० केले की ४.२ मध्ये. एखादी वस्तू दोन सेकंदांत १९२० ठिपके रुंदीचा पडदा ओलांडते असे धरा. सेकंदाला ६० चित्रे असतील तर ती प्रत्येक चित्रात १६ ठिपके सरकते. २४० चित्रे असतील तर चारच. म्हणजे फाटलेल्या कडांतले अंतर लहान होते आणि ते दिसते तेही थोडा वेळ. पण हे झाले मलमपट्टीसारखे. दुखण्याचे मूळ तसेच राहते. १४४ ठोक्यांच्या पडद्यावर दहा सहस्रांशांत तयार होणारे चित्र व्ही-सिंकमुळे १३.९ पर्यंत ताटकळते आणि सेकंदाला शंभर चित्रे काढणारे कार्ड बहात्तरच दाखवू शकते.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक प्रश्न विचारायला हवा होता. हा ठोका मुळात कोणासाठी होता? विजेच्या थरथरीसाठी आणि झोतासाठी. पिक्चर ट्यूबचा लेप उजळतो आणि लगेच विझतो. म्हणून झोताने ठराविक वेळेला परत यावेच लागते, नाहीतर पडदा काळवंडेल. परंतु २००० नंतरच्या दशकात पिक्चर ट्यूब मागे पडली आणि द्रवस्फटिकांचे सपाट पडदे आले. त्यांत प्रत्येक ठिपक्यापाशी एक इवलासा ट्रान्झिस्टर असतो आणि एकदा दिलेला विद्युत्भार ठिपका थोडा काळ धरून ठेवतो. झोत नाही, परतीचा प्रवास नाही, विझण्याची घाई नाही. ज्या कारणासाठी घड्याळ बांधले ते कारणच उरले नव्हते. तरीही सपाट पडदा आपला सेकंदाला साठ वेळा, न चुकता, वरून खाली ओळी रंगवीतच होता. इतकेच नव्हे, जो झोत आता अस्तित्वातच नव्हता त्याच्या परतीची उसंतही केबलमधून इमानाने धाडली जात होती! आपल्या समाजात अशा रीती थोड्या आहेत का? कारण जाते, रीत राहते. आणि ती का पाळतो हे विचारले तर 'पूर्वीपासून आहे' एवढेच उत्तर मिळते.

हे उत्तर प्रथम जाहीरपणे बाजूला सारले गेले ते १८ ऑक्टोबर २०१३ रोजी, कॅनडातल्या मॉन्ट्रियल शहरी. एनव्हिडिया कंपनीने तिथे जी-सिंक नावाची योजना मांडली. त्या प्रसंगी 'क्वेक'च्या कर्त्यांपैकी जॉन कारमॅक, तसेच टिम स्वीनी आणि योहान अँडरसन हे खेळांच्या जगातले नामवंत प्रोग्रॅमर उपस्थित होते. कल्पना सांगायला सोपी होती. कार्डाने पडद्यासाठी थांबायचे नाही. पडद्यानेच कार्डासाठी थांबायचे. चित्र तयार झाले की फेरी सुरू. दहा सहस्रांश लागले तर दहानंतर, चौदा लागले तर चौदानंतर. आमच्या सातारा-कोल्हापूरकडे वडापची जीप असते ना, तसे हे झाले. माणसे भरली की सुटायचे. घड्याळाकडे पाहायचे नाही.

हे साधले कसे, ते फार मौजेचे आहे. ती निरुपयोगी उसंत आपण मघा पाहिली, तीच लांबवली. एक फेरी पुरी झाली की पडदा उसंतीत जातो आणि पुढचे चित्र येईपर्यंत उसंतीतच राहतो. आजोबांच्या काळची रिकामी खोली नातवंडांना अभ्यासाला मिळावी, तसा हा प्रकार.

जी-सिंकसाठी मॉनिटरच्या आत एनव्हिडियाचे स्वतंत्र सर्किट बसवावे लागे. त्याचा खर्च ग्राहकावर पडे आणि ते त्याच कंपनीच्या कार्डांशी चाले. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीने जानेवारी २०१४ मध्ये लास व्हेगास येथे दाखवून दिले की साध्या लॅपटॉपवरही हे जमते. कारण असे की वेसा या मानके ठरवणाऱ्या संस्थेने लॅपटॉपमधील पडद्यांच्या जोडणीत २००९ सालीच फेरीचा वेळ बदलण्याची सोय करून ठेवली होती. तिथे हेतू होता बॅटरी वाचवण्याचा. खेळाचे कोणाच्या मनातही नसावे. मे २०१४ मध्ये वेसाने हीच सोय 'अ‍ॅडाप्टिव्ह सिंक' या नावाने डिस्प्लेपोर्ट १.२ए या मानकात घातली आणि मार्च २०१५ पासून एएमडीचे फ्रीसिंक नाव लावलेले मॉनिटर चालू लागले.

मग काही वर्षे दोन पंथ नांदले. एका पंथाचे मॉनिटर महाग पण कसून तपासलेले. दुसऱ्याचे स्वस्त पण दर्जात सारखेपणा नसलेले. या दुसऱ्यांपैकी कित्येकांत ठोका फक्त ४८ ते ७५ एवढ्याच मर्यादेत बदलता येई. ग्राहक मात्र एकदा मॉनिटर घेतला की त्या कार्डाच्या कंपनीला बांधला जाई. ही कोंडी जानेवारी २०१९ मध्ये फुटली. एनव्हिडियाने वेसाच्या मानकावर चालणाऱ्या मॉनिटरांना आपली कार्डे खुली केली. त्या वेळी तिने जाहीर केले की तपासलेल्या ४०० मॉनिटरांपैकी १२च आपल्या कसोटीला उतरले. बाकीच्यांवर ही सोय वापरायची तर ती ग्राहकाने स्वतः चालू करावी. दरम्यान नोव्हेंबर २०१७ मध्ये आलेल्या एचडीएमआय २.१ या मानकात हीच सोय आल्याने ती दिवाणखान्यातल्या दूरचित्रवाणी संचापर्यंत पोचली होती. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये एनव्हिडियाने मीडियाटेक या चिप बनवणाऱ्या कंपनीसह जाहीर केले की जी-सिंकला आता स्वतंत्र सर्किटची गरज राहणार नाही. उंबरठ्याबाहेरची युक्ती दहा-अकरा वर्षांत घरची झाली.

तरी सारे आलबेल आहे असे समजू नये. ठिपका भार धरून ठेवतो तो थोडाच काळ. फार वेळ नवे चित्र आले नाही तर तो फिका पडू लागतो. म्हणून पडद्याला थांबण्याची एक सीमा असते. चित्रे त्याहून सावकाश येऊ लागली तर काय करायचे? एकच चित्र दोनदा किंवा तीनदा दाखवायचे. दोन पात्यांची झडप आठवली ना? नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीने ही सोय दिली, आणि जी-सिंकमध्ये ती आधीपासूनच होती. दुसरे असे की काही पडद्यांवर, विशेषतः ओलेड जातीच्या, ठोका खालीवर होताना अंधाऱ्या दृश्यात उजेड किंचित लुकलुकतो. आणि तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. मंद कार्ड यामुळे जलद होत नाही. सेकंदाला पंचवीस चित्रे काढणाऱ्या यंत्राची पंचवीसच राहतात. ती फाटत नाहीत आणि उगाच ताटकळत नाहीत, एवढेच.

आता माझ्या भाच्याकडे परत येऊ. मी त्याला हे सारे सांगितले तेव्हा तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्याने मॉनिटरची बटणे दाबून त्याच्या यादीत शोधले. अ‍ॅडाप्टिव्ह सिंकपुढे 'बंद' असे लिहिलेले होते. विकत घेतल्यापासून ते तसेच होते. त्याने ते चालू केले, संगणकातही चालू केले आणि खेळातल्या शिपायाची मान वळवली. खांब अख्खाच्या अख्खा सरकला. आईकडे मागायचे पैसे वाचले. बहिणीने मला दुसऱ्या चहाबरोबर चकल्या दिल्या, हा इतिहासाच्या अभ्यासाचा मला मिळालेला पहिलाच रोख मोबदला!

संगणक चाळताना त्याने मला पडद्याच्या ठोक्यांची यादी दाखवली. १४४, १२०, ६०, आणि साठाच्या खाली आणखी एक आकडा होता, ५९.९४. "हा काय प्रकार आहे? कुणी चुकून टाकलाय का?" त्याने विचारले. चुकून नाही. १९५३ साली अमेरिकेने रंगीत दूरचित्रवाणीची पद्धत स्वीकारली तेव्हा रंगाची खूण आणि ध्वनी यांची गल्लत होऊ नये म्हणून साठाचा ठोका हजारात एकाने मंद केला गेला. ज्या विजेच्या तारेतून तो साठ आला होता तिच्याशीही त्याचे नाते तेव्हाच सुटले. ती पद्धत गेली, ते संच भंगारात गेले, आकडा मात्र या मुलाच्या नव्याकोऱ्या मॉनिटरपर्यंत येऊन पोचला आहे.

वाचकहो, आपल्याही संगणकाच्या पडद्याची ही यादी एकदा उघडून पाहा. तिथे ६० दिसला तर तो वीजघराचा आहे, ५० दिसला तर तोही वीजघराचाच, आपल्या बाजूच्या. ५९.९४ दिसला तर तो १९५३ सालचा. आणि अ‍ॅडाप्टिव्ह सिंक बंद असेल तर तेवढे चालू करा. पडद्याला आता थांबता येते. त्याला कोणी तसे सांगितलेले नसते, इतकेच.